पडद्याआडची छात्राध्यापिका: खानापूर तालुक्यातील एक प्रकरण अभ्यास

बी.एड. महाविद्यालयात इंग्रजी अध्यापन पद्धती हा विषय शिकवत असल्यामुळे दरवर्षी शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे तीस-चाळीस सराव पाठ मी वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून पाहतो आणि त्यांतील बहुतेक महिनाभरात विसरून जातो. ज्या छात्राध्यापिकेचे प्रकरण येथे मांडत आहे, तिचा पहिला पाठ मात्र लक्षात राहिला आहे, आणि तो राहिला आहे त्याला मी दिलेल्या गुणांमुळे.

ही छात्राध्यापिका निपाणी भागातील आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून, इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन तिने बी.ए. केले आणि नंतर बेळगावात बी.एड.ला प्रवेश घेतला. सीमाभागातील मराठी मुलींसाठी ही वाट रुळलेली आहे आणि तिच्यावरची अडचणही ओळखीची आहे. इंग्रजी लिहिता येते, वाचता येते, व्याकरणाच्या पेपरात भरपूर गुण मिळतात. परंतु वर्गासमोर उभे राहून सलग पाच मिनिटे इंग्रजीत बोलायचे म्हटले की घसा कोरडा पडतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यातील २० आठवडे प्रत्यक्ष शाळांशी जोडले गेले, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. या १६ आठवड्यांसाठी, ज्यांना कागदावर छात्रसेवाकाल आणि बोलताना सगळेच इंटर्नशिप म्हणतात, तिला बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्यावरच्या एका गावातील मराठी माध्यमाची शाळा मिळाली.

तिच्याकडे आठवीचा वर्ग आला. वर्गात २८ मुले होती. घरी मराठी, दोन-तीन घरांत कोकणी, बसमध्ये आणि तालुक्याच्या कचेरीत कन्नड, आणि शाळेत मराठी माध्यमासोबत कन्नड व इंग्रजी हे भाषाविषय, असा या मुलांचा रोजचा भाषाव्यवहार आहे. कर्नाटकात २००७-०८ पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, त्यामुळे आठवीत येईपर्यंत ते सात वर्षे कानावर पडलेले असते. ही मुले फळ्यावरचे इंग्रजी वळणदार अक्षरात उतरवून घेतात, प्रश्नाचे उत्तर पाठातील नेमक्या ओळीवर बोट ठेवून शोधतात, पण तोंड उघडत नाहीत. शाळेतील इंग्रजीच्या सरांनी पहिल्याच दिवशी तिला सांगून ठेवले होते, "पोरं हुशार आहेत, फक्त बोलना झाल्यात."

पहिला पाठ ऑगस्टमध्ये होता आणि त्याचा घटक हवामान हा होता. तिने २२ स्लाइड तयार केल्या होत्या आणि दोन ॲनिमेशनचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेतले होते. शाळेचा प्रोजेक्टर बरेच दिवस बंद असल्याने महाविद्यालयाचा प्रोजेक्टर खोक्यात घालून ती बसने निघाली. शक्ती योजनेमुळे २०२३ पासून कर्नाटकातील महिलांना साध्या बसचे भाडे पडत नाही. खोक्याला मात्र वाहकाने सामानाचे तिकीट फाडले. शाळेत पोहोचल्यावर लॅपटॉपची एचडीएमआय केबल आणि प्रोजेक्टरचे जुने व्हीजीए तोंड जुळेना, जोडणीचा तुकडा शोधून आणण्यात आणि टेबलाखाली पुस्तके सारून चित्र सरळ करण्यात ४० मिनिटांच्या तासातील ११ मिनिटे गेली. त्यानंतर पडद्यावर कुठल्याशा परदेशी शहरातील छत्र्या दिसू लागल्या, एक गोड आवाज "इट इज रेनिंग" असे म्हणू लागला, आणि त्याच वेळी बाहेर जांबोटीचा खरा पाऊस व्हरांड्याच्या पत्र्यांवर असा कोसळू लागला की पावसाविषयीच्या त्या व्हिडिओतील एक शब्दही कोणाला ऐकू येईना. "टीचर, आवाज येईना झालाय," असे मागच्या रांगेतून एका मुलीने सांगितले, तेही मराठीत. तासभरात मुलांच्या तोंडून जे इंग्रजी आले ते एवढेच: सहा वाक्ये, तीही सगळ्यांनी मिळून, तिच्यामागून म्हटलेली.

आमच्या निरीक्षण-पत्रकात तंत्रज्ञानाचा वापर असा एक रकाना आहे. त्या रकान्यात मी तिला ५ पैकी ५ गुण दिले. प्रोजेक्टर आणला होता, व्हिडिओ होता, स्लाइडवरचे अक्षर मोठे आणि स्वच्छ होते. रकान्यात विचारलेले सारे तिच्याकडे होते. मुलांच्या सहभागाच्या रकान्यात मी २ गुण दिले आणि या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे त्या दिवशी माझ्या मनातही आले नाही.

विषयाची जाण, शिकवण्याची हातोटी आणि तंत्रज्ञानाची माहिती या तीन गोष्टी वेगवेगळ्या येत असल्या तरी एकत्र याव्या लागतात, हा विचार आमच्या अभ्यासक्रमात आहे. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान आणि अध्यापनज्ञान यांच्या सांध्याकडे लक्ष वेधले आणि २००६ मध्ये पुण्य मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाची तिसरी बाजू जोडली. तीन वर्तुळे एकमेकांत अडकलेली ही आकृती आमच्याकडील प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत काढतो. तिनेही काढली होती, आणि मधला भाग रेघा मारून सुरेख भरलाही होता. सराव पाठाच्या वेळी मात्र ती आकृती तिलाही आठवली नाही आणि पत्रक भरणाऱ्या मलाही.

पाठानंतरच्या चर्चेत मी तिला आधी केबलविषयी बोललो, जे अगदी सोपे होते. नंतर सहज विचारले की पावसाची चार वाक्ये तिने स्वतःच खिडकीबाहेर बोट दाखवून का म्हटली नाहीत. बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, व्हिडिओतले उच्चार बरोबर असतात. माझे चुकले तर पोरांना तेच लागतील." तिचे हे उत्तर मला या साऱ्या प्रकरणाच्या गाभ्याचे वाटते. तिने पडदा मुलांसाठी टांगला होता आणि त्याच्या आड ती स्वतः उभी राहिली होती. तंत्रज्ञान वापरणारे सगळेच असे करतात असे मी म्हणणार नाही. परंतु भाषा शिकवणारा माणूस स्वतःच्या बोलण्याला घाबरत असेल, तर यंत्र त्याला लपायला फार सोयीची जागा देते, आणि आमचे पत्रक त्या लपण्याला गुण देते.

दुसऱ्या पाठाविषयी थोडक्यात सांगतो. या वेळी तिने शाळेचाच संगणक वापरला आणि शब्दार्थांची मराठी यादी घरून टंकित करून आणली. ती यादी जुन्या, युनिकोड (म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होती. शाळेच्या संगणकावर कन्नड टंकनासाठी नुडी हे सॉफ्टवेअर होते, पण तिचा मराठी फॉन्ट नव्हता. परिणामी प्रत्येक मराठी शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटला. मुलांना तीच इंग्रजी वाटली आणि एकाने ती वहीत उतरवायलाही घेतली. युनिकोडमध्ये टंकन करणे किंवा फॉन्टसकट पीडीएफ करून नेणे एवढ्यानेच हा प्रश्न सुटतो. तिने तो त्याच आठवड्यात सोडवला आणि पुढे इतर छात्राध्यापिकांनाही शिकवला. अशा अडचणी त्रासदायक असल्या तरी उथळ असतात, आणि आमच्या प्रशिक्षणाचा बराच वेळ याच अडचणींवर खर्च होतो हे येथे नोंदवून पुढे जातो.

तिसऱ्या आठवड्यात जे घडले ते कोणी आखलेले नव्हते. सकाळच्या दुधानंतरचा तास होता. क्षीरभाग्य योजनेचे दूध पिऊन मुले पेले विसळून वर्गात येत होती आणि करंट गेलेला होता. प्रोजेक्टर नाही, संगणक नाही. तिने आपला फोन काढला, कळफलकावरील माइकचे चिन्ह दाबले आणि आपण बोललेले शब्द फोन कसे लिहितो हे मुलांना दाखवायचे ठरवले. त्या भागात नेटवर्क बेभरवशाचे असल्याने बोललेले इंग्रजी ओळखण्याचा संच तिने आधीच फोनमध्ये उतरवून ठेवला होता. शेतीचे शब्द चालू होते. तिने वेल या अर्थाचा, व्हीने सुरू होणारा इंग्रजी शब्द उच्चारला: "वाईन". फोनने लिहिले ते डब्ल्यूने सुरू होणारे दारूचे नाव. पुढच्या बाकावरच्या मुलाने अक्षरे वाचली आणि वर्गात हसण्याची लाट उसळली. तिने पुन्हा म्हटले, फोनने पुन्हा दारूच लिहिली. शाळेचे इंग्रजीचे सर दारात उभे होते. ते आत आले, फोन हातात घेतला, खाकरून शब्द उच्चारला, आणि त्यांच्याही वाट्याला तेच आले. त्यानंतर बाकावरची सगळी मुले उभी राहून हात वर करू लागली. प्रत्येकाला एकदा म्हणून पाहायचे होते. सात वर्षांत जी मुले तोंड उघडत नव्हती, ती एक इंग्रजी शब्द नीट म्हणता यावा म्हणून रांगेत उभी होती.

यामागचे कारण मराठीच्या उच्चारात आहे. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू ही दोन अक्षरे दोन वेगळे ध्वनी दाखवतात. पहिल्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला घासून हवा सोडावी लागते. दुसऱ्यासाठी दातांचा संबंध येत नाही, ओठांचा चंबू होतो. मराठीत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसणारा एकच व आहे आणि त्यावर आपले सारे काम भागते. छात्राध्यापिकेला हा फरक पुस्तकातून माहीत होता, स्वतःच्या ओठांवर मात्र तो तिने कधी तपासला नव्हता. त्या रात्री आरशासमोर उभे राहून तिने तो तपासला आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मुलांना सरळ सांगितले की काल मलाही येत नव्हते, आता असे केले की येते. तिच्या निरीक्षण वहीतील त्या दिवसाच्या नोंदीत या वाक्यानंतर एक ओळ आहे: "मुले हसली नाहीत."

या ठिकाणी दोन गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण याच टप्प्यावर अनेक उत्साही शिक्षक चुकीच्या दिशेने धावतात. पहिली गोष्ट अशी की फोन हा उच्चारांचा परीक्षक नव्हे. बोललेले लिहून देणारी प्रणाली ध्वनी ऐकते तसाच शेजारच्या शब्दांवरून अंदाजही बांधते. एकटा शब्द म्हटला तेव्हा दारू लिहिणाऱ्या त्याच फोनने, "स्वीट पोटॅटो" हे शब्द आधी जोडून तोच शब्द पूर्वीसारखाच म्हटल्यावर, बिनचूक वेल लिहिला. उच्चार सुधारला नव्हता, फोनला संदर्भ मिळाला होता. मुलांना हे दाखवल्यावर त्यांनी फोनला फसवण्याचा खेळच सुरू केला आणि त्यासाठी मुद्दाम लांब वाक्ये म्हणू लागली. अभ्यास म्हणून दिले असते तर ती कोणीही म्हटली नसती. दुसरी गोष्ट माझ्या मताची आहे. या दोन ध्वनींतील फरकावर दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ घालवू नये. भारतातील कोट्यवधी लोक हा फरक न करता इंग्रजी बोलतात आणि त्यांचे बोलणे कळते. ऱ्हस्व-दीर्घ स्वर आणि शब्दातील आघात यांच्यामुळे होणारा गोंधळ कितीतरी मोठा आहे. ज आणि झेडच्या बाबतीत तर मराठी मुलाकडे अर्धी तयारी असतेच, कारण जेवणातला ज आणि जाडमधला ज तो वेगळे उच्चारतो, आणि जाडच्या ज पासून झेडपर्यंतचे अंतर थोडे आहे. ही गोष्ट तिनेच शोधली; मला ती शिकवायला सुचली नव्हती.

पुढील तीन आठवडे तिने प्रोजेक्टरला हात लावला नाही. फोनमधील ध्वनिमुद्रण एवढेच साधन तिने वापरले. तिचा फोन, इंग्रजीच्या सरांचा फोन आणि दोन सहकारी छात्राध्यापिकांचे जुने फोन असे चार फोन सिमकार्ड काढून वर्गात आले आणि सातजणांच्या गटाला एक याप्रमाणे वाटले गेले. प्रत्येकाने एक मिनिट बोलायचे, ऐकायचे, आणि पटले नाही तर पुसून पुन्हा बोलायचे, असा नियम होता. विषय होता रताळ्याची लागवड. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत पावसाळ्यात घेतल्या जाणाऱ्या या पिकाची बहुतेक मुलांना हाताने ओळख होती, आणि नवरात्राच्या उपासाच्या आधी रताळी बाजारात गेली पाहिजेत हे घराघरांत चाललेले बोलणे होते. वेलाचे तुकडे कापणे, वरंब्यावर लावणे, डोळे मातीत दाबणे या क्रिया मुलांनी सांगितल्या. एका मुलाने एक वाक्य म्हटले, ते मी ध्वनिमुद्रणातून जसेच्या तसे लिहून घेतले आहे: "इफ नॉट टर्न, रूट्स कम एव्हरीव्हेअर, पोटॅटो स्मॉल." छात्राध्यापिकेला त्याचा अर्थ लागेना. त्याने मराठीत समजावले की वाढलेला वेल अधूनमधून उचलून परतावा लागतो, नाहीतर तो पेरापेरावर मुळे धरतो आणि मूळ रताळे पोसत नाही. निपाणीच्या तंबाखूच्या पट्ट्यात वाढलेल्या तिला हे ठाऊक नव्हते. मग दोघांनी मिळून ते वाक्य उभे केले, आणि तिसऱ्या मुद्रणात त्याने वेलाचा उल्लेख करून, कर्ता आणि नकार दोन्ही जागेवर ठेवून ते म्हटले.

या वाक्यात दोन बाजूंनी माहितीची देवाणघेवाण झाली. मुलाकडे सांगण्यासारखे होते आणि शिक्षिकेला ते खरोखरच माहीत नव्हते. पाठ्यपुस्तकातील प्रश्नांत ही अवस्था जवळजवळ कधीच येत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर माहीत असते आणि ते माहीत आहे हे मुलांनाही माहीत असते. ध्वनिमुद्रणामुळे दुसरी एक गोष्ट साधली: बोलणे पुसता येऊ लागले. एक मुलगी गटासमोर बोलायला अजिबात तयार नव्हती. तिने फोन घेऊन ग्रंथालयाच्या कपाटामागे जाण्याची परवानगी मागितली आणि तेथून ती नऊ वेळा पुसलेले, दहाव्यांदा ठेवलेले ४० सेकंदांचे मुद्रण घेऊन बाहेर आली. ते वर्गात ऐकवायचे की नाही, हे तिच्यावरच सोडले होते. तिने दोन दिवसांनी होकार दिला.

सगळेच साधले असे मात्र नाही. मुले अधिक बोलू लागली, पण रोजच्या क्रियेसाठी चालू वर्तमानकाळ वापरण्याची सवय, म्हणजे "वी आर प्लांटिंग एव्हरी इयर", तीन आठवड्यांत सुटली नाही, आणि मराठीत नसलेली उपपदे गळत राहिली ती राहिलीच. मोठा पाऊस लागला की मुद्रणात पत्र्यांशिवाय काही ऐकू येत नसे, तेव्हा तास फळ्यावर जाई. सातजणांच्या गटात दोन मुले दरवेळी नुसता फोन धरण्याचे काम करत. गट चारांचे असते तर बरे झाले असते, पण तितके फोन नव्हते. शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांनी गोंगाटाची तक्रार केली आणि ती योग्यही होती.

मुलांचे आवाज खासगी फोनवर राहतात हा प्रश्न तिला सुचला नव्हता. तो मुख्याध्यापकांनी काढला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अपेक्षा आहे. कायद्याचे नियम शाळेतल्या एका तासाला कसे लागू होतात याचा काथ्याकूट न करता मुख्याध्यापकांनी पालकसभेत सर्वांना कल्पना दिली, संमतीच्या सह्या घेतल्या, आणि शेवटच्या दिवशी चारही फोनमधील मुद्रणे मुलांसमोर पुसण्यात आली. कपाटामागच्या मुलीने आपले मुद्रण पुसण्याआधी आणखी एकदा ऐकवायला सांगितले.

पडद्याला या साऱ्यात काही जागा नाही असा माझा निष्कर्ष नाही. दीक्षा या सरकारी डिजिटल शिक्षण मंचावरील साहित्य पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून घरीच उतरवून घेता येते आणि नंतर नेटवर्कशिवाय दाखवता येते. जे मुलांनी पाहिलेले नाही, उदाहरणार्थ हिमवर्षाव, ते दाखवायला चित्रच हवे, आणि तिने सप्टेंबरअखेरीस एका पाठात तीन मिनिटांचा असा व्हिडिओ दाखवलाही. फरक इतकाच की व्हिडिओचा आवाज तिने बंद ठेवला होता आणि वर्णन ती स्वतः करत होती. दोन ठिकाणी ती अडखळली आणि पुढे गेली.

अंतिम पाठाला बाहेरचे परीक्षक आले. तिने फळा, चार फोन आणि मुलांचे आवाज एवढ्यावर तास घेतला. मुले बोलत असताना परीक्षक पत्रक उलटसुलट पाहत होते. शेवटी त्यांनी मला हळूच विचारले, "यांचं तंत्रज्ञान कुठं आहे?" मी फोनकडे बोट दाखवले. त्या रकान्यात त्यांनी ५ पैकी २ गुण दिले. मुलांच्या सहभागाला त्यांनी ५ दिले, म्हणजे पहिल्या पाठाला मी दिलेले दोन्ही आकडे जागा बदलून परत आले.

पत्रक विद्यापीठाच्या नमुन्याप्रमाणे छापलेले असल्याने त्यातील रकाना बदलण्याचा अधिकार मला नाही. यंदाच्या सराव पाठांसाठी मी त्या रकान्याखालच्या मोकळ्या जागेत पेनाने एक ओळ लिहून घेतो: साधन चालू असताना कोण बोलत होते?